उन्हात ठेवलेला पियानो

पियानो आमच्या घरी फुकट आला. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी समुद्राकाठच्या बंगल्यातली मडम विलायतेला परत निघाली. आमचे वडील तिला नारळ पुरवायचे आणि ती मुंबईला असली की बंगल्याच्या चाव्या सांभाळायचे. जाताना तिने खुर्च्या, कपाटं, कपबशा सगळं विकलं. पियानोला मात्र गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ती वडिलांना म्हणाली, तूच घेऊन जा. वडिलांना कुणाला नाही म्हणता येत नसे, हा त्यांचा जन्माचा रोग. ते धूड बैलगाडीत घालून त्यांनी घरी आणलं तेव्हा आईने दारातच कपाळाला हात लावला. "जळ्ळं मेलं, ह्यात काय भात शिजवू मी?"

तेव्हापासून तो पडवीत होता. अलिबागहून रेवदंड्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, त्यातलीच एक आमची. पडवीत सुपारीची पोती, सुंभाची वेटोळी, रहाटाचे फुटके लोटे असायचे, त्यात हा एक. पोती त्याच्या डोक्यावर बसली. खालची एक फळी निखळली होती, त्या पोकळीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुढे वडील गेले, पियानो तसाच राहिला. आई त्याला पेटारा म्हणायची आणि आठवण आली की शिव्या द्यायची, पियानोला नव्हे, वडिलांना.

मी गावच्या शाळेत शिकवत होते. लग्न व्हायचं होतं. माझ्या जिभेपायी ते जमत नाही असं गावाचं मत होतं, आणि गाव अगदीच खोटं बोलत नव्हतं.

घरात आम्ही तिघं: आई, मी आणि माझा मोठा भाऊ. दादा वाडी बघायचा, पण त्याचा जीव पेटीत होता. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या घराकडे एक मान होता. दत्तजयंतीला देवाची पालखी गावात फिरते, दारोदार थांबते, आणि तिन्हीसांजेला जन्माच्या वेळेपर्यंत देवळात परत जाते. देवळाच्या आधीचं शेवटचं घर आमचं. तिथे पालखी खाली टेकवायची आणि आमच्या घरच्या माणसाने ओटीवर बसून पेटीवर एक चाल वाजवायची, असा रिवाज. ती चाल आमच्या आजोबांनी बसवलेली. शब्द नाहीत, नुसतीच चाल. आजोबांनी वडिलांना दिली, वडिलांनी दादाला. दादा वाजवायला लागला की पालखीचे भोईसुद्धा खांदा बदलायचं विसरायचे.

मग दादाचा हात रहाटात सापडला. वाडीला पाणी द्यायचा आमचा रहाट लाकडी, रेडा फिरवायचा. एक दिवस दोर अडकला म्हणून दादाने हात घातला, आणि रेडा काही थांबला नाही. उजव्या हाताची बोटं वाचली, म्हणजे जागेवर राहिली एवढंच. आत वळली ती वळलीच. ठरलेलं लग्न मोडलं, त्याचं दादाने काही मनावर घेतलं नाही. पेटी मात्र त्याने फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. त्यानंतर कुणी नुसतं गुणगुणलं तरी तो उठून वाडीत जायचा.

आई एकदा जेवताना म्हणाली, "अरे, डाव्या हातानं वाजव की. भाता मी मारते."

पेटीचं असं असतं की उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. दादाचा डावा हात जन्मभर नुसता वारा घालत आलेला.

तो ताटावरून उठला. "डाव्या हातानं देवाला फूल वाहतेस का तू? आणि दुसऱ्याच्या वाऱ्यावर मी वाजवू?" म्हणाला, आणि गेला हात धुवायला. आई रडली नाही, पण त्या दिवशी आमटी तशीच राहिली. परत हा विषय कुणी काढला नाही.

दोन-तीन वर्षं पालखी आमच्या दारी मुकीच थांबली. आईने ओवाळायचं, नारळ द्यायचा, झालं. मग एका फाल्गुनात उत्सवाचे पुढारी घरी आले. नात्याने आमचे लांबचे काका. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. खालच्या आळीतला मुलगा पेटी शिकलाय. यंदा तुमच्याकडून काही झालं तर ठीक, नाहीतर मान तिकडे देऊ. देवाला किती वर्षं मुकं ठेवायचं?"

"तो आमची चाल वाजवणार?" मी विचारलं.

"त्याला येतं ते वाजवेल."

दादा खांबाला टेकून ऐकत होता. मला कळत होतं की मान गेल्याचं दुःख एकवेळ त्याला पचलं असतं. ती चाल जगात फक्त त्याच्याच बोटांना ठाऊक होती, आणि ती बोटंच मेली होती. तो गेला की चाल गेली.

त्याच आठवड्यात मी कोंबडीच्या अंड्यासाठी पियानोच्या पोकळीत हात घातला. हात आत गेला आणि गुडघा कशावर तरी टेकला. आतून दमेकऱ्याने श्वास ओढावा तसा आवाज आला. मी किंचाळले. कोंबडी माझ्या डोक्यावरून उडाली.

दादा धावत आला. मी म्हटलं, "आत कुणीतरी आहे."

"तुझं डोकं आहे," तो म्हणाला. मग खाली बसला आणि माझा गुडघा टेकला होता ती पायपट्टी डाव्या हाताने पुन्हा दाबली. पुन्हा तोच आवाज. दादाचा चेहरा बदलला. "अगो, भाता आहे हा. पियानोला भाता कशाला?"

आम्ही पोती उतरवली. वर दोन सरकत्या फळ्या होत्या, त्या उघडल्या, तर आत कागदाची गुंडाळी बसवलेली. कागदाला बारीक भोकंच भोकं. वडिलांनी हे कधी उघडूनही बघितलं नसणार. तेव्हा आम्हाला कळलं की हा पियानो आपला आपण वाजतो. पायाने भाता मारायचा, की कागद सरकतो आणि पट्ट्या हाताशिवाय खाली जातात. निदान एके काळी जात असाव्यात.

"पायानं," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला. पण त्या दिवशी तो वाडीत गेला नाही.

पियानो उघडल्यावर बघवेना. खाऱ्या हवेने तारा तांबारलेल्या, आतलं कापड झुरळांनी खाल्लेलं, रबरी नळ्या हातात घेतल्या की भुगा. एका कोपऱ्यात वाळवी. प्रत्येक पट्टीमागे आगपेटीएवढा एकेक छोटा भाता, आणि सगळे फाटलेले. आई म्हणाली, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. चुलीत घाला."

पण दादाने जन्मभर पेट्या उघडल्या होत्या. दोन दिवस तो नुसता आत डोकं घालून बसला आणि मग मला समजावून सांगितलं. पेटीचा भाता हवा बाहेर फेकतो, हा आत ओढतो. पितळेच्या आडव्या दांडीवर ओळीने भोकं आहेत, त्यावरून कागद जातो. कागदातलं भोक त्या भोकावर आलं की तिथून हवा आत शिरते, त्या पट्टीचा छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. "म्हणजे कुठूनही हवा गळता कामा नये. एवढंच आहे सगळं," तो म्हणाला.

एवढंच! ते करणार कोण? त्याला तर एकच हात. म्हणजे मीच. शाळा सुटली की मी घरी यायची आणि दादा उंटावरून शेळ्या हाकायचा. "जरा ताण. अगो, फाटेल. सरस कमी लाव. तुला शाळेत घेतली कुणी?" मी एकदा सरसाचं भांडं त्याच्या पुढ्यात आपटलं आणि म्हटलं, "मग तूच कर!" म्हटल्याबरोबर जीभ चावली. तो मात्र हसला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसला असेल. म्हणाला, "येतं असतं तर तुझी बोलणी खाल्ली असती का?"

छोट्या भात्यांना कापड हवं होतं हवा न सोडणारं. वडिलांचा रबरी कापडाचा पावसाळी कोट खुंटीवर होता, आईने तो कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. आम्ही मागायच्या आधीच तिने तो काढून दिला. "आणला त्यांनी, आता पांघरूणही त्यांचंच घाला," म्हणाली. मी तो कात्रीने कापला तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती.

नळ्यांसाठी अलिबागच्या सायकलवाल्याकडून व्हॉल्व ट्यूब आणली, घेऊन घेऊन त्याच्याकडची संपवली. तो विचारायचा, "बाई, सायकली किती आहेत तुमच्याकडे?" तारा रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या. ज्या तुटल्या होत्या त्यांच्यासाठी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि मुंबईत वाद्यांची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, पियानो इथेच घेऊन या, करून देतो. त्याला म्हटलं, "तो लाँचीत चढला तर लाँच बसेल." तारा घेतल्या, पाना घेतला आणि आले. सूर लावायचं काम दादाने स्वतः केलं. पाना डाव्या हाताने फिरवायचा, मी एकेक पट्टी वाजवायची. त्याचं समाधान होईपर्यंत तीच ती पट्टी ऐकून शेजारच्यांनी त्यांच्या खिडक्या लावून घेतल्या.

आणि सांध्यांना तेल घातलं. आता आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. आमच्याच नारळाचं, आमच्याच गावच्या घाण्याचं. केसांना तेच, कढईत तेच, दाराच्या बिजागऱ्यांना तेच, कान दुखला तरी तेच. दुसरं तेल घालायचं असतं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आईने कोंबडीचं पीस घेतलं आणि एकेका हातोडीच्या खुंटीला, एकेका सांध्याला असं प्रेमाने तेल लावलं की बाळंतिणीला लावावं. "माखून काढलं बघ," म्हणाली. पियानोला खोबऱ्याचा वास यायला लागला.

ऐन वैशाखात तो वाजला. दादा स्टुलावर बसला, दोन्ही पायांनी भाता मारायला लागला, कागद सरकला, आणि पट्ट्या आपोआप खाली-वर व्हायला लागल्या. भूत बघावं तशी आई दोन पावलं मागे सरली. कागद मडमेचा, गाणं इंग्रजी. मधेच खडखडून कुठलेतरी भलतेच सूर यायचे. ते काय ते कळेना. मग लक्षात आलं की कागदाला कसर लागली होती. किड्यांनी पाडलेली भोकंही पियानो इमानेइतबारे वाजवत होता. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

खरं काम पुढेच होतं. पालखीसमोर मडमेचं गाणं वाजवून चालणार नव्हतं. आमची चाल कागदावर आणायला हवी होती, आणि ती कागदावर आणायची म्हणजे दादाने गायला हवी होती. दादा गाईना. "बोटांत होती ती," म्हणायचा, "गळ्यात नाही." आषाढातला पाऊस कोसळत होता, पियानो गोणपाटात गुंडाळून ठेवला होता, आणि मी खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवून चांभाराकडून मागून आणलेलं भोकं पाडायचं हत्यार घेऊन वाट बघत बसले होते. शेवटी मी मुद्दाम चाल गायला सुरुवात केली, येत होती तेवढी. अर्थात चुकीची. दादाने थोडा वेळ सोसलं, मग ओरडला, "अगो, गळा आहे की घमेलं! अशी आहे ती." आणि गायला.

त्याचा आवाज फाटला होता. पण चाल तीच होती. मला रडू आलं, ते मी भोकं पाडायच्या गडबडीत लपवलं.

सबंध पावसाळा त्यात गेला. पहिला कागद तयार करून लावला तर चाल उलटी. वर जायचं तिथे खाली आणि खाली यायचं तिथे वर. कागदच पालथा धरून भोकं पाडली होती आम्ही. सगळं पुन्हा. नवरात्रात मात्र आमची चाल पियानोवर सुरेख वाजली. दादा पायांनी भाता मारत होता, डोळे मिटलेले होते आणि वळलेला उजवा हात मांडीवर ताल धरत होता. गंगेत घोडं न्हालं.

काकांना बोलावून ऐकवलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, "सगळं खरं. पण पायांनी वाजवायचं वाद्य देवापुढे? लोक काय म्हणतील?"

मी तोंड उघडणार एवढ्यात आईच बोलली. "शिंप्याचं मशीन कशानं चालतं हो? देवाचं वस्त्र त्याच्यावरच शिवता ना दरवर्षी? तेव्हा पाय दिसत नाहीत वाटतं?" काकांनी चहा संपवला. यंदाचा मान आमच्याकडे राहिला.

त्या वर्षी मार्गशीर्षात थंडी जबर पडली. आमच्याकडे थंडी म्हणजे काय, घाटावरचे लोक हसतील. पण पहाटे तोंडातून वाफ निघत होती. दत्तजयंतीच्या सकाळी दादा आंघोळ करून, धोतर नेसून पियानोसमोर बसला. थंडी पडल्यापासून वाजवला नव्हता, एकदा बघू म्हणाला. भाता मारला. कागद सरकला. पट्ट्या हलल्या नाहीत.

जोरात मारला. दोन-चार पट्ट्या पेंगुळल्यासारख्या अर्ध्यावर गेल्या आणि तिथेच बसल्या. बाकी गप्प. मी फळ्या काढून आत बघितलं; नळ्या शाबूत, कापड शाबूत, कुठे गळती नाही. दादा घामाघूम झाला. मग भाता सोडून दिला आणि स्टुलावरून उठला. "काकांना निरोप पाठव," म्हणाला. "खालच्या आळीतल्या मुलाला बसू दे." त्याचा चेहरा रहाटातून हात काढला त्या दिवशी होता तसाच झाला होता. मी पियानोला एक लाथ घातली.

आई न्हाणीघरातून तेलाची बाटली घेऊन आली. केसांना लावायचं होतं. बाटली उपडी केली तरी थेंब पडेना. थंडीत खोबरेल थिजतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. दर वर्षी ह्या दिवसांत बाटली उन्हात ठेवायची, मग न्हायचं. आई सवयीने ओटीच्या पायरीवर ऊन आलं होतं तिथे बाटली ठेवायला वाकली, आणि वाकलेली तशीच राहिली.

"बाय गो," ती म्हणाली. "तेल."

मी आत हात घातला. हातोड्यांच्या खुंट्यांशी, सांध्यांशी, जिथे जिथे तिने पीस फिरवलं होतं तिथे तिथे पांढरं मेण. सगळा पियानो तुपासारखा थिजला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला हसावं की रडावं कळेना.

पुसून काढायला वेळ नव्हता. आई म्हणाली, "बाटलीला करतो तेच. उन्हात ठेवा."

"सूर उतरतील," दादा म्हणाला. "तारा तापल्या की बेसूर होईल सगळं."

"मुकं राहण्यापेक्षा बेसूर बरं. दगडापेक्षा वीट मऊ."

कोळीवाड्यातले चौघे नारळ न्यायला आले होते. होडी वाळूवरून ओढताना खाली ओंडके घालतात तसे माडाचे ओंडके घालून त्यांनी पियानो अंगणात उतरवला. एक म्हणाला, "बाय, ह्यो होडीपरीस जड हाय. पान्यात घालायचा हाय का?" मी म्हटलं, "संध्याकाळी वाजला नाही तर घालूच."

दिवसभर तो अंगणात फळ्या उघड्या टाकून उन्हं खात उभा होता. येणारेजाणारे थांबून बघत होते. उन्हं सरकतील तसा आम्ही तो सरकवत होतो. दुपारनंतर पट्ट्या हलायला लागल्या. दादा पाना घेऊन उतरलेले सूर चढवत बसला, मला शिव्या देत. शिव्या ऐकून मला बरं वाटलं.

पालखी यायची उन्हं असताना. पण त्या दिवशी वरच्या आळीत कुणी पालखी सोडेना, मधल्या आळीत भजन लांबलं. सूर्य माडांच्या खाली गेला. अंगणात गारवा उतरायला लागला, आणि तो मला पायांच्या बोटांत कळत होता. दादा पियानोशी बसून होता. तो रस्त्याकडे बघत नव्हता, पट्ट्यांकडे बघत होता. झांजा ऐकू आल्या तेव्हा कंदील लागले होते.

पालखी टेकली. आईने ओवाळलं. गुरव, काका, सगळं गाव अंगणात. दादाने भाता मारायला सुरुवात केली आणि आमच्या आजोबांची चाल वाजायला लागली. जरा बेसूर होती, पण तीच होती. लोकांत कुजबूज झाली आणि थांबली.

चाल दुसऱ्यांदा फिरली तेव्हा पहिला सूर गळला. वरचा पंचम. कागदात भोक आलं, पट्टी थरथरली, खाली गेली नाही. मग त्याच्या शेजारचा गळला. मी दादाच्या मागेच उभी होते. पुढच्या फेरीला धैवत गेला. दात पडलेल्या तोंडासारखी चाल बोळकी व्हायला लागली. कुणीतरी हसलं. खालच्या आळीतलाच असणार मेला.

आणि दादाचा डावा हात वर आला. त्याने ठरवलं असं मला वाटत नाही. जिथे पंचम यायला हवा होता तिथे त्याने पंचम दाबला. वाऱ्याला न हलणारी पट्टी बोटाच्या जोराने खाली गेली. मग धैवत. मशीन गाळत गेलं आणि तो भरत गेला. पाय भाता मारत होते. जन्मात पहिल्यांदा त्याचा डावा हात वाऱ्यातून मोकळा झाला होता. आम्ही दोघांनी वर्षभर त्या पियानोत डोकं घातलं होतं, पण पियानो वाऱ्याशिवाय, एका डाव्या हातानेही वाजतो ही साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. थोड्या वेळाने मशीनच्या पट्ट्या निम्म्याहून जास्त गप्प झाल्या होत्या. कागद संपला, गुंडाळीचं टोक फडफडायला लागलं, तरी दादा थांबला नाही. चाल अडखळत होती, एकदा चुकलीसुद्धा, मागे येऊन त्याने ती नीट केली. पण आता ती पुन्हा कुणाच्यातरी बोटांतून येत होती.

तो थांबला तेव्हा झांजाही वाजायच्या थांबलेल्या होत्या. आई पदराने डोळे पुसत होती, लपवतही नव्हती.

गुरव तीर्थ घेऊन पुढे आला. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं. अपघातापासून दादा डाव्या हाताने उजवं मनगट उचलून धरायचा आणि त्या वळलेल्या बोटांत थोडंसं साठेल तेवढं घ्यायचा. तसंच त्याने मनगट उचललं.

"तो राहू दे भाऊ," गुरव म्हणाला. "ज्यानं वाजवलंस तो पुढे कर."

दादाने काकांकडे बघितलं. काका पालखीचा दांडा बघत होते. दादाने डावा हात पुढे केला.

मान आमच्याकडेच राहिला. पुढच्या वर्षी मी मुंबईहून शिलाई मशीनचं तेल आणलं, बाटलीभर. सगळं खोबरेल पुसून हे घालू, मग कसलीच थंडी बाधणार नाही, असं माझं म्हणणं. दादा नुसता हं हं करत राहिला आणि ते काम राहून गेलं. तो रोज संध्याकाळी पियानोवर बसायचा, पण कागद न लावता.

दत्तजयंतीच्या सकाळी आईने नेहमीसारखी खोबरेलाची बाटली पायरीवर उन्हात ठेवली. मी पडवीत जाऊन ओंडके काढायला लागले. कोळीवाड्यात निरोप पाठवायचा होता, पियानो उतरवायला.

"ते कशाला काढतेस?" आईने विचारलं.

"अगो आई, आत सगळं थिजलंय. मशीनचा एक सूर निघायचा नाही संध्याकाळी."

"नाही तर नाही." तिने बाटली हलवून बघितली आणि तेल सुटलंय का ते उन्हात धरून पाहिलं. "पेटारा राहू दे सावलीत. वाजवायला माझा मुलगा आहे."